टाकीच्या डब्याचं कर्नल: मेमरीचे कुठले पर्याय बिल्डमध्येच बंद करावेत, कुठले करू नयेत

३ मे २०२५

काम असं: सोसायटीच्या टाक्यांची पातळी मोजणारा डबा. आत रास्पबेरी पाय झिरो टू डब्ल्यू, ५१२ एमबी रॅम, चार कॉर्टेक्स-ए५३ कोअर. त्यावर मॉस्किटो (यंत्रांचे निरोप पोचवणारा सर्व्हर), एक पायथन स्क्रिप्ट, एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) आणि कमिटीला टँकर कधी मागवायचा ते कळावं म्हणून एक साधं वेबपेज. नेहमीच्या ओएसवर डबा चालायचा, पण दोघा-तिघांनी एकदम पेज उघडलं की रखडायचा. म्हणून आता बिल्डरूट (छोट्या यंत्रासाठी हवी तेवढीच लिनक्स बांधून देणारं साधन), पायचा ६.१२ लिनक्स कर्नल, म्हणजे ओएसचा गाभा, आणि मेमरीचे जे पर्याय लागत नाहीत ते बिल्डमध्येच, म्हणजे कर्नल कंपाइल करतानाच, बंद. काय वाचतं आणि काय मोडतं, ते इथे लिहीत जाईन.

मोजमापाच्या दोन जागा ठरवल्या. बूट लॉगमधली 'मेमरी' ही ओळ, आणि डबा दहा मिनिटं चालल्यावरचं मेमइन्फो, म्हणजे मेमरीचा चालू हिशोब दाखवणारी फाईल. सुरुवातीचा आकडा: एकूण ४२१८८८ के (किलोबाइट).

असं काही करणार असाल तर दोन गोष्टी आधी करा. नवं कर्नल वेगळ्या नावानं कार्डावर टाका आणि कॉन्फिग फाईलमधल्या 'कर्नल=' ओळीत ते नाव द्या; जुनी इमेज तशीच राहू द्या. दुसरं म्हणजे यूएसबी-सीरिअल केबल घ्या. मला अडीचशेला मिळाली. पडद्याविना चालणारा डबा बूट झाला नाही, तर तो काय म्हणतोय ते ऐकायला दुसरी जागा नाही.

४ मे

अॅलोकेटर म्हणजे कर्नलच्या स्वतःच्या छोट्या गरजांना मेमरी वाटून देणारा भाग. कमी रॅमसाठी 'स्लॉब अॅलोकेटर निवडा' हा सल्ला जिथे तिथे सापडतो. फ्रॅगमेंट फाईलमध्ये (मुख्य कॉन्फिगमध्ये मिसळायच्या पर्यायांची छोटी यादी) ओळ घातली, बिल्ड झालं, बूट झालं, मेमइन्फोमधल्या स्लॅबच्या आकड्यात, म्हणजे अॅलोकेटरनं धरलेल्या मेमरीत, ढिम्म फरक नाही. बिल्डचा लॉग वर सरकवत गेलो तेव्हा ती यादी मिसळणाऱ्या मर्ज-कॉन्फिगचा इशारा सापडला: मागितलेली किंमत शेवटच्या कॉन्फिगमध्ये नाही.

स्लॉब कर्नलमध्ये उरलेलाच नाही. ६.४ मध्ये तो काढला, ६.८ मध्ये जुना स्लॅबही गेला. आता एकटा स्लब. हे सफाईचं काम मुख्यतः व्लास्टिमिल बाब्का यांनी केलं. एकाच कामासाठी तीन अॅलोकेटर ठेवायचे म्हणजे मेमरीतली प्रत्येक नवी सोय तिघांसाठी लिहायची, तिघांवर तपासायची. वापरणारा मात्र बहुतेक वेळा लिनक्सच्या तयार वितरणानं जे निवडलंय तेच चालवतो. पर्याय काढल्यानं माझी पंचाईत झाली खरी, पण त्यांच्या जागी मी असतो तर मीही काढलाच असता.

हा इशारा फ्रॅगमेंट वापरला म्हणून तरी मिळाला. थेट कॉन्फिग फाईल बदलून 'ओल्ड-डेफ-कॉन्फिग' चालवलं, तर अनोळखी ओळ मुकाट्यानं गळून पडते. फ्रॅगमेंटच वापरा, आणि बिल्ड संपल्यावर शेवटची कॉन्फिग आपल्या यादीशी ताडून बघा. मी त्यासाठी पाच ओळींची शेल स्क्रिप्ट केली. पुढच्या नोंदींत तिनं बराच वेळ वाचवला.

१० मे

स्लॉबच्या जागी ६.२ पासून 'स्लब टायनी' आहे. मेन्यूत तो आपोआप दिसत नाही, आधी 'एक्स्पर्ट' चालू करावं लागतं. केलं. स्लॅबचा आकडा दीड-दोन एमबीनं उतरला. खूश झालो आणि मग मदतीचा मजकूर वाचला: हा पर्याय अगदी छोट्या यंत्रांसाठी आहे, १६ एमबीपेक्षा जास्त रॅम असेल तर शिफारस नाही. माझ्याकडे त्याच्या बत्तीसपट.

बदल्यात काय जातं ते पाहिलं. प्रत्येक कोअरचा स्वतःचा साठा जातो, म्हणजे चार कोअर एकाच कुलुपापाशी रांग लावणार. फ्रीलिस्टचं, म्हणजे रिकाम्या तुकड्यांच्या यादीचं, संरक्षण जातं. सिसएफएसमधली (कर्नलच्या आतल्या गोष्टी फाईल म्हणून दाखवणारी जागा) स्लॅबची माहिती जाते, म्हणजे गळती शोधायची वेळ आली तर हातात काही नाही. दोन एमबीसाठी हा सौदा नको. बंद केला.

११ मे

मेमसीजी, म्हणजे प्रोसेसच्या गटांची मेमरी मोजणारा आणि तिला मर्यादा घालणारा पर्याय. कंटेनर चालवायचे नाहीत, तर मेमरीची गटवार मोजदाद कशाला? हिशोब सरळ वाटत होता. ५१२ एमबी म्हणजे ४ के-ची १,३१,०७२ पेजेस (मेमरीचे ठरावीक तुकडे). प्रत्येक पेजमागे कर्नल 'स्ट्रक्ट पेज' नावाची नोंद ठेवतो, ती ६४ बाइटची. सगळ्या नोंदी मिळून ८ एमबी. त्या ६४ पैकी ८ बाइट मेमसीजीचे. पर्याय बंद केला की १ एमबी सुटायला हवी.

बिल्ड केलं. मोकळी मेमरी किंचित वाढली, कर्नलचा कोड कमी झाला तेवढीच. ती १ एमबी कुठे गेली? डीबग माहितीसकट पुन्हा बिल्ड करून पाहोल या साधनानं स्ट्रक्ट पेज उघडलं. शेवटी लिहिलेलं: आकार ६४, पॅडिंग ८.

म्हणजे मेमसीजीचे ८ बाइट गेले आणि त्यांच्या जागी रिकामे ८ बाइट येऊन बसले. एआरएम६४ वर (या बोर्डाच्या प्रोसेसरची ६४ बिट जात) ही नोंद १६ बाइटच्या पटीत ठेवावी लागते, कारण स्लब प्रत्येकी ८ बाइटचे दोन शब्द एका दमात बदलतो. ५६ ही १६ ची पट नाही, ६४ आहे. ज्या जागेचं भाडं भरावंच लागतं, तीच खोली मेमसीजी वापरत होता.

मग थोडा इतिहास चाळला. कर्नल ३.१९ च्या आधी मेमसीजीचा हा ८ बाइटचा पॉइंटर (पेज कुठल्या गटाचं ते दाखवणारा) वेगळ्या तक्त्यात असायचा आणि तक्ता बूट होताना घेतला जायचा. बूट ओळीत (कर्नलला सुरू होताना दिलेल्या सूचना) मेमसीजी बंद केला की तेवढी जागा वाचायची. ३.१९ मध्ये योहानेस वाइनर यांनी पॉइंटर थेट स्ट्रक्ट पेजमध्ये नेला. तेव्हापासून या नोंदीपुरता प्रश्न बूटचा राहिला नाही, बिल्डचा झाला. आणि ६४ बिट यंत्रांवर तो पॉइंटर या पॅडिंगमध्येच बसला.

पायवर आणखी एक थर आहे. पायच्या कर्नलमध्ये मेमसीजी बिल्ड केलेला असतो, पण बूट होताना बंद. हवा असेल तर बूट ओळीत 'सीग्रुप_एनेबल=मेमरी' लिहायचं. बंद असताना त्याच्या तपासण्या स्टॅटिक ब्रांचमधून (कोडमध्येच पक्की केलेली वाट) वळसा घेतात, त्याचा भार नावापुरता. हीच मांडणी बरी. मेमसीजी परत बिल्डमध्ये घेतला आणि वर चालूही केला: पायथनच्या स्क्रिप्टला १२० एमबीची मर्यादा घातली, जी आधी घालताच येत नव्हती.

१७ मे

ग्रुपवर एकानं लिहिलं, 'पाय फाइव्हवर १६ के पेज असतं, तेच घे ना, नोंदी चौथ्या हिश्श्यावर येतील.' ८ एमबीच्या जागी २ एमबी. पेजचा आकार हा खरा बिल्डचाच पर्याय, मेन्यूत तीन खुणा: ४, १६, ६४. १६ वर खूण केली.

बोर्ड मेला. सीरिअल केबलवर फर्मवेअरचं बोलणं संपलं आणि पुढे एक अक्षर नाही. आधी केबलवर संशय, मग कार्डावर, मग बूट ओळीत 'अर्लीकॉन' (कर्नलला लवकरात लवकर सीरिअलवर बोलायला लावणारी सूचना) घातलं. तरी शांत. दुपार गेली.

उत्तर ए५३ च्या मॅन्युअलमध्ये होतं: हा कोअर ४ के आणि ६४ के पेज ओळखतो, १६ के ओळखतच नाही. एमएमयू (मेमरीचे पत्ते बदलून देणारा भाग) सुरू करण्याआधी कोअर कुठलं पेज ओळखतो ते कर्नल एका रजिस्टरमध्ये तपासतो आणि आधार नसेल तर एका फेऱ्यात झोपून राहतो. तिथवर कन्सोल नसतो, मग तक्रार करणार कुठे? अर्लीकॉनही त्याच्या नंतर येतं.

६४ के करून पाहिलं नाही. एका बाइटची फाईलसुद्धा पेज-कॅशमध्ये (फाईलींच्या रॅममधल्या प्रती) ६४ के अडवणार. नोंदींत वाचेल त्यापेक्षा जास्त तिथे जाईल. मोठ्यांनाही ही निवड जड गेलेली आहे: रेड हॅटनं आपल्या लिनक्समध्ये एआरएमवर आरएचईएल ८ पर्यंत ६४ के पेज दिलं, ९ मध्ये ४ के-वर आले आणि ६४ के-चं कर्नल वेगळं पॅकेज म्हणून ठेवलं. एका वितरणाला केवळ पेजच्या आकारासाठी दोन कर्नल सांभाळावे लागतात. बूट होताना हा आकार ठरवता यावा म्हणून आर्म कंपनीच्या रायन रॉबर्ट्स यांनी २०२४ मध्ये पॅचेस मांडले. काम किचकट आहे, कारण कर्नलभर हा आकार कंपायलरला आधीच माहीत असलेला स्थिरांक म्हणून वापरला जातो: अॅरेंचे आकार त्यावर ठरतात, आणि प्रीप्रोसेसरच्या अटीसुद्धा.

१८ मे

टीएचपी, म्हणजे छोट्या पेजेसऐवजी आपोआप मोठी पेजेस देणारी सोय. बिल्डमध्ये 'ऑल्वेज' ठेवलं होतं, पण सिसएफएसमध्ये चालू निवड दाखवणारा कंस 'नेव्हर'भोवती. बूट ओळीतून सांगितलं, तरी नेव्हर. स्रोत वाचला: एकूण मेमरी ५१२ एमबीपेक्षा कमी दिसली की कर्नल सुरुवातीलाच हे झेंडे शून्य करतो, बिल्डमध्ये आणि बूट ओळीत काहीही लिहिलेलं असो. बूट झाल्यावर सिसएफएसमधून चालू केलं तर मात्र होतं. निर्णय योग्य आहे, इतक्या कमी रॅमवर २ एमबीची पेजेस महागच. पण बूट लॉगमध्ये एक ओळ टाकली असती तर काय बिघडलं असतं?

बिल्डमधून काढून टाकलं. या डब्याला कधीच लागणार नाही.

२४ मे

आजची नोंद लांब आहे, कारण आठवडाभर डबा व्यवस्थित चालला आणि मग गुरुवारी रात्री बसला.

एक्स्पर्ट चालू केल्यावर मेन्यूत 'शमेम' दिसतो. वाटलं, शेअर्ड मेमरी, आपल्याला कुणाशी वाटून घ्यायची आहे? बंद केला. कोड थोडा घटला, बूट स्वच्छ, सगळं जागेवर.

माझी स्क्रिप्ट दर काही सेकंदांनी वाचन टेम्पएफएसमध्ये (रॅममध्येच राहणारी फाईलसिस्टिम) लिहिते आणि रात्री एकदा एसक्यूलाइटमध्ये ओतते, कार्ड झिजू नये म्हणून. माउंट ओळीत १६ एमबीची मर्यादा आहे. गुरुवारी एका सेन्सरची वायर सैल झाली आणि तो चुकीच्या वाचनांचा पाऊस पाडायला लागला. फाईल १६ वर थांबायला हवी होती. ती वाढतच गेली. ओओएमनं (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) आधी पायथन मारला, मग मॉस्किटो, मग वेब सर्व्हर, आणि मेमरी काही सुटेना. मारलेल्या प्रोसेसचं होतं ते सुटलं, फाईलचं कोण सोडणार?

सकाळी माउंट बघितलं: प्रकार टेम्पएफएस. डीएफला (कुठे किती जागा आहे ते सांगणारी आज्ञा) विचारलं तर तो माउंट यादीतच नाही. '-ए' लावल्यावर दिसला, आकार शून्य. इथे ट्यूब पेटली.

शमेम बंद असला की कर्नल 'टेम्पएफएस' याच नावानं रॅमएफएस नोंदवतो. रॅमएफएसला मर्यादा माहीत नाही; 'साइझ=' लिहिलेलं तो वाचून सोडून देतो, चूकही दाखवत नाही. त्याची पेजेस स्वॅपमध्ये (रॅम कमी पडली की पेजेस हलवायची जागा) जात नाहीत, परतही घेता येत नाहीत. पाटी जुन्या दुकानाची, आत माल दुसराच.

शमेम चालू केला. तपासायला मुद्दाम मोठी फाईल लिहिली: १६ एमबीला 'जागा उरली नाही' असं म्हणून थांबली. पोरानं विचारलं, 'बाबा, एरर आली म्हणून एवढे खूश?'

२५ मे

काल रात्री एका मित्राशी कर्नलमधल्या अशा बिल्डच्या पर्यायांवर वाद झाला. तो टेस्टिंगमध्ये आहे, त्यामुळे बाजू ठरलेली.

'अरे, चालू-बंदचे असे दहा पर्याय ठेव, हजाराच्यावर कर्नल झाले. तपासणार कोण?'

'१०२४. पण मला छोटं कर्नल हवंय त्याचं काय?'

'तुझ्यासारखे किती? आणि तू तरी तपासून घेतलंस का? आठवडा गेला तुझा.'

त्याचं म्हणणं चुकीचं नाही. शमेम बंद असलेलं कर्नल रोज चालवणारे फार थोडे, म्हणून तिथे काय मोडतं ते कळायलाही वेळ लागतो. कॉम्पॅक्शनच्या (विखुरलेली मोकळी मेमरी एकत्र आणण्याच्या) पर्यायाची मदत वाचली तर लिहिणाऱ्यांनाही हे जाणवलेलं दिसतं: हा चालूच ठेवा, आणि खरोखर नको असेल तर का ते आम्हाला कळवा, अशी विनंतीच आहे तिथे.

पण मी त्याच्याशी पूर्ण सहमत नाही. पेजचा आकार, स्ट्रक्ट पेजची घडण, अॅलोकेटर, या गोष्टी सगळ्या कोडच्या खाली असतात, त्या बिल्डमध्येच ठरणार. शिवाय ज्याच्याकडे खरंच १६ एमबी आहे त्याला स्लब टायनी हवाच. टीएचपी किती आक्रमक, कुठल्या गटाला किती मेमरी, हे वापरणाऱ्याचं धोरण. ते चालू यंत्रावर बदलता यायला हवं. ६.१ मध्ये आलेल्या मल्टी-जेन एलआरयूनं (मेमरी कमी पडली की कुठली पेजेस काढायची ते ठरवणारा भाग) दोन्ही दिलंय: कोड बिल्डमध्ये घ्यायचा की नाही हा एक प्रश्न, आणि घेतल्यावर सिसएफएसमधून चालू-बंद हा दुसरा.

माझा राग बिल्डच्या पर्यायांवर नाहीच. मेमसीजी नसेल तर मर्यादेची फाईलच दिसत नाही, स्क्रिप्ट तिथेच आपटते आणि पाच मिनिटांत कळतं. शमेम नसेल तर सगळं दिसतं, चालतं आणि खोटं बोलतं. पर्याय काढला तर त्याचं नावही काढा.

३१ मे

स्वॅप. कार्डावर स्वॅप ठेवायचा नाही हे पक्कं, म्हणून स्वॅपचा पर्यायही बंद केला होता आणि झेडरॅम (रॅममध्येच माहिती दाबून ठेवणारी जागा, स्वॅप म्हणून वापरायची) ठेवला होता. एमके-स्वॅप चाललं. स्वॅप चालू करणाऱ्या स्वॅपऑननं सांगितलं: 'फंक्शन नॉट इम्प्लिमेंटेड'. झेडरॅम हे नुसतं ब्लॉक डिव्हाइस, त्याला स्वॅपचा पर्याय लागत नाही, म्हणून मेन्यूनं अडवलं नाही. स्वॅपऑनची सिस्टिम कॉलच नव्हती. चूक चटकन आणि स्पष्ट कळली, तक्रार नाही.

स्वॅप परत घेतला. पुढची अडचण जुन्या स्क्रिप्टमधली: कॉम्प्रेशनसाठी एलझेडफोर लिहिलं की 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'. ६.१२ पासून झेडरॅमचे बॅकएंड (कॉम्प्रेशनच्या पद्धती) एकेक करून बिल्डमध्ये निवडावे लागतात, न निवडल्यास एलझेडओ तेवढं मिळतं. एलझेडफोरवर खूण केली. २५६ एमबीचा झेडरॅम.

फरक आकड्यांत नाही, वागण्यात दिसला. स्वॅप नसताना कर्नलकडे टाकून द्यायला उरतात ती फाईलची पेजेस, म्हणजे पायथनचा स्वतःचा कोडही. तो पुन्हा पुन्हा कार्डावरून वाचला जायचा. रखडणं होतं ते हेच. एलआरयूमधला 'मिन टीटीएल' १००० मिलिसेकंद केला, म्हणजे अलीकडे वापरलेली पेजेस ओरबाडण्याऐवजी ओओएम लवकर येतो. आता डबा घुसमटत नाही. फारच झालं तर एक प्रोसेस मरते आणि पुन्हा उठते.

१ जून

पहिल्या नोंदीतला ४२१८८८ के हा आकडा आज डोळ्यात खुपला. ते ४१२ एमबी होतात. बोर्डावर ५१२ आहेत.

कॉन्फिग फाईलमध्ये जीपीयूसाठी (चित्राचा प्रोसेसर) १०० एमबीची ओळ आयतीच आलेली होती. डब्याला ना पडदा, ना कॅमेरा. १६ केली, त्यासोबत छाटलेलं फर्मवेअर लागतं, ते बिल्डरूटच्या मेन्यूत वेगळं निवडलं. बूट लॉग: ५०७९०४ के.

एका ओळीत ८४ एमबी. कर्नलमध्ये महिनाभर कोरून जे मिळालं ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके एमबी.

७ जून

डबा टाकीवर बसवला. फ्रॅगमेंट फाईलमध्ये उरलेल्या ओळी: टीएचपी बंद, केएसएम (एकसारखी पेजेस एकत्र करणारी सोय) बंद, मेमसीजी चालू, शमेम चालू, स्वॅप आणि झेडरॅम चालू, एलझेडफोर चालू, मल्टी-जेन एलआरयू चालू. 'एक्स्पर्ट' परत बंद केला, म्हणजे पुढच्या वेळी मोह होणार नाही. तो 'डीबग कर्नल'ही सोबत ओढून आणतो, ते वेगळंच.

खर्च: केबल २५०, एक कार्ड खराब झालं ते ४००. लॅपटॉपवर क्रॉस-कंपाइल (दुसऱ्या प्रोसेसरसाठी कंपाइल) करत होतो म्हणून प्रत्येक बिल्ड चहा होईपर्यंत उरकायचं. हे बोर्डावरच कंपाइल करायला जाऊ नका, रॅम पुरणार नाही.

राहिलेलं काम: कॉन्फिग ताडणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एक तपासणी वाढवायची आहे. बूट झाल्यावर टेम्पएफएसवर मर्यादेपेक्षा मोठी फाईल लिहून बघायची, आणि ती लिहिली गेली तर सेवा सुरूच करायच्या नाहीत. शिवाय पावसाच्या आधी त्या सेन्सरची वायर नीट क्रिम्प करायची आहे.